वसतिगृह, विद्यार्थी आणि नेतृत्वाची परंपरा

दरवर्षी ७ नोव्हेंबरला आमच्या अहमदपूर तालुक्यातील शाळा-महाविद्यालयांतून विद्यार्थी दिवस साजरा होतो. १९०० साली याच तारखेला साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टरातला त्याचा क्रमांक १९१४. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून जाहीर केला. प्रतिमेला हार घातला जातो, दोन विद्यार्थी पाठ केलेली भाषणे म्हणतात आणि मग पाहुण्यांचे मार्गदर्शन होते. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो, म्हणून हा पाहुणा होण्याची पाळी बऱ्याचदा माझ्यावर येते. मी जातो, बोलतो आणि दरवेळी एकच प्रश्न मनात घेऊन परत येतो. शाळेने त्या विद्यार्थ्याला नेमके काय दिले?

पटावर नाव दिले, अक्षरे दिली, हे खरे. पण वर्गात बसायचे तरट त्याला घरून न्यावे लागे व संध्याकाळी घरी परत आणावे लागे, कारण शाळा झाडणारा नोकरसुद्धा त्या तरटाला शिवत नसे. शिपाई असेल तरच नळाचे पाणी, शिपाई नसेल तर पाणी नाही. हे बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. म्हणजे शिक्षण मिळाले. ज्याला आपण विद्यार्थी जीवन म्हणतो ते मिळाले नाही. अशा शाळेतून बाबासाहेब घडले हा अपवाद आहे, आणि कोणत्याही समाजाला अपवादांच्या भरवशावर जगता येत नाही. ही गोष्ट जर कोणी सर्वांत आधी ओळखली असेल, तर ती त्या अपवादानेच. म्हणूनच आपल्या सार्वजनिक कार्याच्या आरंभी त्यांनी वसतिगृहाचा विचार केला.

या लेखात मला त्याच विचाराचा इतिहास मांडावयाचा आहे. आपण नेत्यांचा इतिहास पुष्कळ लिहिला; नेते ज्या व्यवस्थेत तयार झाले तिचा इतिहास मात्र फारसा लिहिला नाही. परिणाम असा की नेता गेला की आपण पोरके होतो आणि पुढच्या नेत्याची वाट पाहत बसतो.

प्रथम माझा एक अनुभव सांगतो. मी या तालुक्यातल्या एका खेड्यातला. वडील सालगडी, आई खुरपणीला जाणारी. घरात माझ्याआधी कोणी पदवी पाहिलेली नाही. गावच्या शाळेत सहावीत असताना 'शालेय मंत्रिमंडळ' निवडले गेले. निवडले म्हणजे गुरुजींनी नावे वाचून दाखवली. मुख्यमंत्री, अर्थमंत्री, क्रीडामंत्री, सांस्कृतिक मंत्री अशी पदे वाटून झाली आणि शेवटी माझे नाव आले. सफाईमंत्री. वर्गातला पाण्याचा हंडा भरण्याचे काम आरोग्यमंत्र्याकडे होते, त्यामुळे हंड्याला हात लावण्याचा प्रश्न आपोआप मिटला होता. मला त्या वेळी आनंदच झाला. मंत्री झालो असे मी घरी सांगितले. वडिलांनी खाते विचारले. मी सांगितले. ते काही बोलले नाहीत. उठून बाहेर गेले. त्या न बोलण्याचा अर्थ कळायला मला बरीच वर्षे लागली. पुढे कळले की आमच्या वाड्यातून त्या शाळेत गेलेले माझे दोन चुलतभाऊही सफाईमंत्रीच होते. पद बदलत नव्हते, फक्त मुले बदलत होती. हीसुद्धा एक परंपराच. पण ती गावगाड्याची परंपरा, शाळेच्या भाषेत लिहिलेली.

शाळा नेतृत्व शिकवीत नाही असे म्हणणे म्हणूनच चूक आहे. शाळा नेतृत्व शिकवतेच. ती कोणाला हुकूम करायला शिकवते आणि कोणाला झाडू धरायला शिकवते, एवढाच प्रश्न असतो.

आता इतिहासाकडे वळू. ज्योतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मांग समाजातील मुलीने मांगमहारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. आपण त्याकडे स्त्रीच्या आणि दलितांच्या साहित्याचा आरंभ म्हणून पाहतो, ते योग्यच आहे. पण तो एका विद्यार्थिनीचा निबंध होता हे आपण विसरतो. शाळेने तिला पाठ म्हणून दाखवायला सांगितले नाही. तिच्या समाजाविषयी तिला काय वाटते ते लिहू दिले, आणि ते चार लोकांपुढे गेले. विद्यार्थ्याच्या हाती लेखणी दिली की काय होते याचा हा आपल्याकडचा फार जुना पुरावा आहे.

त्यानंतरची मोठी पायरी कोल्हापूरची. खेड्यातला मुलगा शहरातल्या शाळेत यायचा तर त्याने राहायचे कोठे, जेवायचे कोठे, हा प्रश्न राजर्षी शाहू छत्रपतींनी ओळखला. १९०१ पासून त्यांनी निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहांना आश्रय दिला. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. ही वसतिगृहे बहुधा एकेका जातीची होती. सर्व जातींची मुले एका छपराखाली, एका पंगतीत आणण्याचा प्रयोग कर्मवीर भाऊराव पाटील यांनी केला. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी काढलेल्या छत्रपती शाहू बोर्डिंगात मुले मिळून स्वयंपाक करीत, मिळून श्रम करीत. ज्या साताऱ्यात भिवाला तरट वेगळे घेऊन बसावे लागले, त्याच साताऱ्यात पाव शतकाच्या आत हे घडले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्याच १९२४ सालच्या जुलैत बाबासाहेबांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सभेच्या उद्देशांत वसतिगृहांद्वारे शिक्षणाचा प्रसार हा अग्रक्रमाचा उद्देश होता. ४ जानेवारी १९२५ रोजी सभेने सोलापुरात हायस्कुलाच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. त्याची व्यवस्था जिवाप्पा सुभा ऐदाळे पाहत. मुलांच्या जेवणाचा, कपड्यांचा, वह्या-पुस्तकांचा खर्च सभा करी आणि सोलापूरच्या नगरपालिकेचे महिना ४० रुपये साहाय्य होते. एवढ्या तुटपुंज्या बळावर चाललेल्या या वसतिगृहातील मुलांनी 'सरस्वती विलास' नावाचे एक मासिक चालविले होते. आपल्या मराठवाड्याच्या अगदी उंबरठ्यावर, सोलापुरात, हायस्कुलात शिकणारी अस्पृश्य मुले महिन्याच्या महिन्याला आपले मासिक काढीत होती!

मी जेव्हा हे प्रथम वाचले, तेव्हा कितीतरी वेळ त्या ओळीवरच थांबलो. मासिक काढायचे म्हणजे काय करावे लागते? कोणाचे लेखन घ्यायचे आणि कोणाचे परत करायचे हे ठरवावे लागते. ज्याचे परत केले त्याला कारण सांगावे लागते. महिना संपण्याच्या आत काम पुरे करावे लागते. आणि मॅट्रिक होऊन जाणाऱ्याच्या जागी नवा मुलगा तयार ठेवावा लागतो. यातले शेवटचे काम सर्वांत महत्त्वाचे. ते झाले नाही तर मासिक बंद पडते. १९२८ साली बाबासाहेबांनी दलितवर्ग शिक्षण संस्था स्थापन केली आणि वसतिगृहांचे हे काम आणखी जिल्ह्यांत नेले.

मुलींच्या वाट्याला हे जीवन फार उशिरा आले, हेही येथेच नमूद केले पाहिजे. जुलै १९४२ मध्ये नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. तिने मुलींच्या शिक्षणाचा आणि वसतिगृहांचा प्रश्न पुढे आणला. त्या मागणीला आता ऐंशीहून अधिक वर्षे झाली. आजही आमच्या भागातल्या कितीतरी मुलींचे शिक्षण गावाच्या एस.टी.च्या वेळापत्रकावर अवलंबून असते.

मराठवाड्याची गोष्ट वेगळी होती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. उच्च शिक्षणाची भाषा उर्दू, महाविद्यालये दूर आणि खेड्यातल्या महार-मांगांना गावच्या शाळेचा उंबरठासुद्धा दूर. आमचा अहमदपूर तालुका तर तेव्हा बिदर जिल्ह्यात होता. उदगीर आणि निलंग्याबरोबर तो १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठी मुलखाला जोडला गेला. अशा या प्रदेशात पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच मिलिंद महाविद्यालय. ही संस्था बाबासाहेबांनी १९४५ साली स्थापन केली होती व १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले होते. सिद्धार्थमध्ये विद्यार्थ्यांची संसद भरत असे आणि स्वतः बाबासाहेब तिच्यासमोर हिंदू कोड बिलावर बोलले होते. देशाचा कायदेमंत्री विद्यार्थ्यांच्या संसदेला संसद मानून बोलतो, यातून त्या विद्यार्थ्यांना जे मिळाले असेल ते कोणत्याही मार्गदर्शनपर भाषणातून मिळणारे नव्हते.

'मिलिंद' हे नावही विचार करण्याजोगे आहे. मिलिंद हा ग्रीक राजा. भल्याभल्या पंडितांना प्रश्न विचारून निरुत्तर करणारा. त्याला समाधानकारक उत्तरे दिली ती भिक्षू नागसेनाने. महाविद्यालयाच्या परिसराला नाव मिळाले नागसेनवन आणि महाविद्यालयाला मिलिंद. म्हणजे उत्तरे देणाऱ्याच्या वनात प्रश्न विचारणाऱ्याचे घर! विद्यार्थ्याने प्रश्न विचारावा, गुरूने त्याला उत्तर देण्याची तयारी ठेवावी, हा या नावाचा अर्थ मी तरी घेतो.

आणि नागसेनवनाने तो अर्थ खरा करून दाखवला. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले व ते मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी रंगमंचावर उभे केले. पुढे म. ना. वानखेडे प्राचार्य झाले, गंगाधर पानतावणे शिकवू लागले. साहित्याची चर्चा वर्गाबाहेर, वसतिगृहाच्या ओट्यावर होऊ लागली. साठीच्या दशकाच्या अखेरीस 'अस्मिता' हे त्रैमासिक याच मातीतून निघाले व तेच पुढे 'अस्मितादर्श' झाले. ज्यांच्या आईबापांना अक्षर ठाऊक नव्हते अशी मुले वीस वर्षांच्या आत मराठी साहित्याला नवे प्रश्न विचारू लागली. हे एकट्या कोणाच्या प्रतिभेने झाले नाही. हे एका विद्यार्थी जीवनाने घडवले.

याची खरी कसोटी पुढे लागली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातली दलित वस्ती जळू लागली. आमच्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. त्याच्या काही आठवडे आधी नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले होते. या काळातल्या हौतात्म्याविषयी आपण लिहितो, लिहिलेच पाहिजे. पण एक साधा हिशेब आपण मांडत नाही. विद्यार्थ्याचे महाविद्यालयीन आयुष्य तीन ते पाच वर्षांचे. लढा मात्र जवळजवळ सोळा वर्षांचा. याचा अर्थ १९७८ साली मोर्चात असलेला विद्यार्थी १९८३ पर्यंत वसतिगृह सोडून गेला होता. त्याच्या जागी आलेलाही गेला. त्याच्या नंतरचाही गेला. तरी मोर्चे निघत राहिले, पत्रके निघत राहिली, तुरुंग भरत राहिले. विद्यार्थ्यांच्या निदान तीन-चार पिढ्यांनी हा लढा एकमेकांच्या हाती दिला. याच काळात पक्ष फुटत होते. रिपब्लिकन पक्ष १९५७ साली स्थापन झाला आणि थोड्याच वर्षांत दुभंगला. १९७२ साली उभी राहिलेली पँथर दशक संपण्याआधी विखुरली. मोठी माणसे जे टिकवू शकली नाहीत ते वसतिगृहातल्या मुलांनी टिकवले, असे म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही.

हे कसे शक्य झाले? याचे उत्तर मला ग्रंथात मिळाले नाही. ते मला माझ्या वसतिगृहात मिळाले. आठवीपासून मी तालुक्याच्या गावी एका वसतिगृहात राहिलो. तेथे खानावळीच्या हिशेबाची एक वही होती. ती मुलेच लिहीत. नियम असा होता: एक महिना वही लिहायची, दुसऱ्या महिन्यात नव्या मुलाच्या शेजारी बसून त्याला लिहू द्यायची, तिसऱ्या महिन्यात वहीला हातसुद्धा लावायचा नाही. हा नियम कोणी केला ते कोणालाच माहीत नव्हते. माझी पाळी आली तेव्हा मी नववीत होतो. पहिल्याच आठवड्यात माल आणून देणाऱ्याची तूरडाळ मापात कमी भरली. माझ्या शेजारी आधीच्या महिन्याचा दादा बसला होता. मी त्याच्याकडे पाहिले. तो म्हणाला, "माझ्याकडं काय बघतोस? वही कुणाकडं हाय?" मी उठलो. पाय कापत होते. ज्या माणसाला माझे वडील मालक म्हणून रामराम घालीत, त्याला मी म्हणालो, "तराजू पुन्हा लावा." त्याने लावला. सव्वा किलो डाळ आणखी पडली.

त्या दिवशी मी बोलायला शिकलो. आणि त्याहून मोठे म्हणजे दोन महिन्यांनी मी गप्प बसायला शिकलो. नवा मुलगा बेरीज चुकत होता, माझे हात शिवशिवत होते आणि वहीला हात लावायचा नव्हता. सफाईमंत्री केल्याने मला जे कळले नाही ते या वहीने कळवले. नेतृत्व म्हणजे खऱ्या कामाची जबाबदारी. आणि ते टिकते ते जबाबदारी वेळेवर सोडल्याने.

मी वसतिगृहांचे गुणगान करण्यासाठी हे लिहीत नाही. त्यांचे दोषही आपणच सांगितले पाहिजेत. शिक्षण संपून वर्षे लोटली तरी खोली न सोडणारा, नव्या मुलांकडून कपडे धुऊन घेणारा, जयंतीच्या वर्गणीचा हिशेब न देणारा 'नेता' आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याच्या हाती माईक असतो, पण तिसऱ्या महिन्याचा नियम त्याला मान्य नसतो. समता सांगणाऱ्या चळवळीत नवा मुलगा जुन्याचे ताट उचलतो, तेव्हा गावगाडा आपल्यातच शिरलेला असतो. आणि मुलींना आपण किती जागा दिली? जयंतीच्या मिरवणुकीत त्या पुढे असतात, समितीच्या बैठकीत मात्र त्यांची नावे शेवटच्या ओळीत येतात.

दुसरीकडे सरकारी धोरणही विद्यार्थी जीवन आकसत नेणारे ठरले आहे. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयीन विद्यार्थी मंडळावर गुणांच्या आधारे नेमणुका करण्याची रीत आणली. निवडणुकांत गुंडगिरी शिरली होती हे खरे. पण ज्या वर्षी विद्यार्थ्यांनी सोळा वर्षांचा लढा जिंकला, त्याच वर्षी त्यांच्या हातातले मतपत्र गेले हा योगायोग मला अस्वस्थ करतो. २०१६ च्या कायद्यात निवडणुकीची तरतूद पुन्हा आली. पण मधल्या काळात विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्या मत न देताच पदवीधर होऊन गेल्या. मीही त्यांतलाच.

वसतिगृहांत जागा अपुऱ्या म्हणून २०१६-१७ पासून स्वाधार योजना आली. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्याच्या खात्यावर राहण्या-जेवण्याची रक्कम जमा होते. ही योजना आवश्यक आहे. तिच्यामुळे अनेकांचे शिक्षण वाचले, आणि ती रक्कम वेळेवर मिळावी यासाठी भांडलेच पाहिजे. पण तिने वसतिगृहाची जागा भरून निघते असे मानणे ही फसवणूक होईल. पदवीनंतर नांदेडला शिकायला गेलेली माझी एक विद्यार्थिनी सुट्टीत भेटायला आली होती. मी विचारले, तिकडे वाचन मंडळ, चर्चा, काही आहे का? ती म्हणाली, "सर, दोन वर्षं झाली, शेजारच्या खोलीत कोण राहतं तेच मला माहीत नाही." खोलीचे भाडे तिला मिळाले, सोलापूरच्या त्या मुलांना १९२५ साली जे मिळाले ते मिळाले नाही.

म्हणून शिक्षक बंधू-भगिनींना आणि कार्यकर्त्यांना माझे सांगणे थोडके आहे. अधिक वसतिगृहे, विशेषतः मुलींची वसतिगृहे, ही मागणी आपण सोडता कामा नये. जेथे ती आहेत तेथे स्वयंपाकघराचा हिशेब, ग्रंथालयाची किल्ली आणि भित्तिपत्रक मुलांच्या हाती द्यावे, आणि ठरलेल्या मुदतीनंतर ते दुसऱ्याच्या हाती जावे. जी मुले एकेकटी भाड्याच्या खोल्यांतून राहतात त्यांना आठवड्यातून एक संध्याकाळ एकत्र बसवणे आपल्याला अशक्य नाही. त्यासाठी बुद्धविहार आहे, महाविद्यालयाचा रिकामा वर्ग आहे. आणि प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या मित्रांनो, मंत्रिमंडळ जरूर करा. पण दर महिन्याला खाती बदला. हेडमास्तरांच्या मुलाला एक महिना सफाईमंत्री करा आणि सालगड्याच्या मुलीला अर्थमंत्री करा. तिच्या हाती खरे पैसे द्या, थोडे का होईनात. सहलीच्या वर्गणीचे द्या. ती चुकेल. तिला चुकू द्या.

गेल्या पावसाळ्यात मी त्या वसतिगृहात गेलो होतो. आता जेवण ठेकेदाराकडून येते. वही नाही. मुलांना विचारले, डाळ पातळ आली तर काय करता? एक मुलगा म्हणाला, "काय करणार सर, खातो." मी त्या मुलांबरोबर रात्री उशिरापर्यंत बसलो. निघताना दोनशे पानांची एक कोरी वही त्यांच्याकडे ठेवून आलो आणि नियम सांगितला. पुढच्या महिन्यात जाईन तेव्हा पहिले पान कोणी लिहिले ते विचारणार नाही. तिसऱ्या महिन्यात वही कोणाकडे आहे, एवढेच विचारीन.